शून्य : चिन्हापासून संख्येपर्यंत

प्रस्तावना

‘शून्याचा शोध कोणी लावला?’ हा प्रश्न शालेय स्पर्धांपासून महाविद्यालयीन व्याख्यानांपर्यंत सातत्याने विचारला जातो आणि ‘आर्यभटाने’ असे एका शब्दाचे उत्तर दिले जाते. इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’तील वर्गमूळ काढण्याची रीत स्थानमूल्यपद्धती गृहीत धरते, हे खरे. तथापि त्यातील अक्षरसंख्यापद्धतीत शून्यासाठी चिन्ह नाही आणि शून्यासह करावयाच्या क्रियांचे नियमही त्यात दिलेले नाहीत. उत्तर सदोष ठरते, कारण मुळात प्रश्नच अपुरा आहे. रिकामे स्थान दर्शविणारे चिन्ह आणि गणिती क्रियांत इतर संख्यांच्या बरोबरीने सहभागी होणारी संख्या, या शून्याच्या दोन भिन्न अवस्था आहेत. भारतीय गणिताचे खरे वेगळेपण दुसऱ्या अवस्थेत आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

चिन्हरूप शून्य

जुन्नरजवळील नाणेघाटात सातवाहनकालीन शिलालेख आहे. त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांच्या संख्या कोरलेल्या असून दहा, शंभर व हजार यांसाठी स्वतंत्र चिन्हे वापरली आहेत. अशा पद्धतीत शून्याची गरजच भासत नाही. ती निर्माण होते स्थानमूल्यपद्धतीत. कारण तेथे रिकामे स्थान दाखविले नाही, तर २७ आणि २०७ यांत फरक करता येत नाही.

ही गरज अनेक संस्कृतींना जाणवली. बाबिलोनी गणकांनी इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास षष्टिमान पद्धतीत रिकाम्या स्थानासाठी खूण योजली, तर मध्य अमेरिकेतील माया लोकांनी कालगणनेसाठी शून्यचिन्ह स्वतंत्रपणे वापरले. दशमान पद्धतीतील कालनिश्चित पुराव्यांत कंबोडियातील शके ६०५ (इ. स. ६८३) चा शिलालेख महत्त्वाचा आहे, त्यात शून्य बिंदूने दाखविले आहे. ग्वाल्हेर येथील इ. स. ८७६ च्या मंदिरलेखात बागेची २७० हात लांबी व फुलांच्या ५० माळा नोंदविताना शून्य आजच्यासारखे वर्तुळाकार कोरले आहे. इ. स. १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितातही शून्यबिंदू आहेत. मात्र २०१७ मधील कार्बन चाचणीत त्याच्या पानांचे काळ परस्परांपासून शतकांच्या अंतराने आले व त्यांच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद झाले. म्हणून केवळ चिन्हाच्या प्राचीनत्वावर श्रेयाचा दावा उभा करणे धोक्याचे आहे.

संख्यारूप शून्य

इ. स. ६२८ मध्ये भिल्लमाल येथील ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचला. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण व शून्य या तिन्हींच्या परस्परक्रियांचे नियम एकत्र दिले आहेत. समान धन व ऋण यांची बेरीज शून्य होते. शून्यातून धन वजा केल्यास ऋण व ऋण वजा केल्यास धन उरते. कोणत्याही संख्येला शून्याने गुणल्यास शून्य येते. ऋणसंख्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम चीनमध्ये त्यापूर्वीच ज्ञात होते. ब्रह्मगुप्ताचे वैशिष्ट्य असे, की त्याने शून्याला धन-ऋणांच्या पंक्तीत बसवून त्यासाठीही नियम घालून दिले. येथे शून्य ‘काही नाही’ एवढेच सांगत नाही. ते मालमत्ता आणि कर्ज यांच्यामधील निश्चित स्थान ठरते. ‘धन’ व ‘ऋण’ हे शब्द मराठी गणितात आजही त्याच अर्थाने रूढ आहेत.

भागाकाराचा पेच

संख्या म्हटली की तिने भागताही आले पाहिजे, आणि येथेच अडचण उभी राहिली. ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे मानले. नवव्या शतकात महावीराचार्यांनी शून्याने भागल्यास संख्या बदलत नाही, असे म्हटले. ही दोन्ही मते आज ग्राह्य नाहीत. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ ही संज्ञा दिली. तीत कितीही मिळविले वा तीमधून कितीही काढले तरी फरक पडत नाही, असे सांगताना त्यांनी अनंत अच्युताची उपमा योजली.

आधुनिक गणिताने हा भागाकार अव्याख्यात ठरविला. ५ ला शून्याने भागून येणाऱ्या उत्तरास पुन्हा शून्याने गुणले असता ५ मिळावयास हवेत. तसे होणे अशक्य आहे. शून्य भागिले शून्य याबाबत उलट कोणतीही संख्या चालते, म्हणून निश्चित उत्तर राहत नाही. पूर्वसूरींचा हा प्रयत्न केवळ चूक म्हणून दुर्लक्षिण्याजोगा नाही. शून्याला खरोखरच संख्या मानल्याशिवाय हा पेच त्यांच्यापुढे उभाच राहिला नसता.

संख्याकुलाचा विस्तार

संख्यांचे इतर प्रकारही अशाच अडलेल्या क्रियांतून स्थिरावले. नैसर्गिक संख्यांत शून्य मिळविल्याने पूर्ण संख्या, वजाबाकी निर्वेध करण्यासाठी पूर्णांक आणि शून्येतर भाजकाने भागण्यासाठी परिमेय संख्या आवश्यक ठरल्या. २ चे वर्गमूळ परिमेय नसल्याने अपरिमेय संख्या स्वीकाराव्या लागल्या. त्यांना काटेकोर पाया डेडेकिंड यांनी १८७२ मध्ये दिला. ऋणसंख्येला वर्गमूळ नाही, असे महावीराचार्यांनी नोंदविले होते. इटलीतील बाँबेली यांनी १५७२ मध्ये अशा मुळांसह आकडेमोडीचे नियम मांडून संमिश्र संख्यांची वाट मोकळी केली. शून्याने भागण्याची मनाई मात्र या प्रत्येक कुलात कायम राहिली.

समारोप

शून्याचा इतिहास एका व्यक्तीच्या नावावर आटोपता घेतल्यास अभिमान जपला जातो, पण आकलन हरवते. शिवाय ज्या ब्रह्मगुप्ताने नियम घातले, त्याचेच नाव मागे पडते. ‘शून्याने का भागता येत नाही?’ असे विचारणारा विद्यार्थी नकळत याच परंपरेत उभा असतो. त्याला ‘तसा नियमच आहे’ असे सांगून गप्प करण्याऐवजी ब्रह्मगुप्तापासून भास्कराचार्यांपर्यंतचे प्रयत्न व त्यांतील त्रुटी दाखविणे, हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.