भाड्याच्या घरातली ओल: पाणी येते कुठून?

मुंबईत जुलै उजाडला, भिंतीवर काळे ठिपके दिसले, की भाडेकरू ब्लीच आणतो आणि घरमालक रंगारी पाठवतो. दोघेही शेवटून सुरुवात करतात. बुरशीचे बीजाणू घरात बारा महिने असतातच. भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकून राहिली की ते रुजतात. तेव्हा आधी पाण्याची वाट शोधावी. खर्च कुणी करायचा, हेही तिच्यावरच ठरते.

वरच्या बाथरूममधून झिरपणारे पाणी डिसेंबरातही थांबत नाही. तड्यांतून शिरणारे पावसाचे पाणी बहुधा पश्चिमेच्या, वाऱ्याचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर दिसते आणि पाऊस सरल्यावर हळूहळू सुकते. तळमजल्यावर जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत पोपडे धरते, लोणा सोडते.

चौथी वाट फसवी आहे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. पलीकडच्या खोलीत रात्रभर २२ वर एसी चालला, की मधली भिंत त्याखाली उतरते आणि आपल्या बाजूने घामेजते. तिला कपाट टेकलेले असेल तर बुरशी आधी कपाटामागे धरते. इथे गळती नसतेच. प्लंबर उगाच टाइल्स उखडतो. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून दिवसभर ठेवावा. बाहेरून ओला झाला तर पाणी हवेतले, मागून ओला झाला तर भिंतीतले.

हवेतल्या पाण्याचा बंदोबस्त राहणाऱ्यानेच करावा: कपाट चार बोटे पुढे, एसी २६ वर, ओले कपडे खोलीबाहेर. बुरशी मात्र कोरडी खरवडू नये. बीजाणू घरभर उडतात आणि घरातल्या दमेकऱ्याला त्रास होतो.

बाहेरच्या भिंतीतून येणारी पावसाची गळती आदर्श उपविधींनुसार सोसायटीने थांबवायची, बाथरूमची संबंधित सदस्यांनी. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १४ घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकते, करारात वेगळे ठरले नसेल तर. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालक वाजवी मुदतीत हलला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करू शकतो. पण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा या कायद्याच्या लेखी भाडेकरूच नाही, आणि आज घर शोधणारे बहुतेक जण याच वर्गातले. ही त्रुटी मला अन्यायाची वाटते. ती आहे तोवर गळतीची दुरुस्ती कोण आणि किती दिवसांत करणार, हे नोंदणीपूर्वीच करारात लिहून घ्यावे. किल्ली हातात येताच भिंतींचे तारखेसह फोटो मालकाला पाठवावेत. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायची वेळ येते तेव्हा तेच कामी येतात.