बी हरवलेल्या केळीचे कूळ

काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला झाले आणि या गावाचे नाव देशभर पोहोचले. आज बाहेरच्या व्यापाऱ्याला ते ठाऊक असते केळीमुळे. फैजपूरहून सावद्याकडे निघाले की दोन्ही अंगांना बागा लागतात, त्या रावेर ओलांडून मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरापर्यंत सोबत करतात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधल्या काळ्या मातीत केळी. इथल्या लेवा बोलीत तिला 'केयी' म्हणतात. हेक्टरी चार-साडेचार हजार खोडे असतात आणि त्यांतले एकही बियापासून उगवलेले नसते. ज्या झाडाच्या कंदापासून ते आले, तेही बियाचे नव्हते आणि त्याच्या आधीचेही नव्हते. असे मागे मागे जात राहिले, तर बी सापडायला शेकडो, बहुधा हजारो वर्षे उलटावी लागतात.

आपल्याकडे लग्न जुळवताना कूळ विचारतात, मामेकूळ विचारतात. केळीला तोच प्रश्न विचारला तर काय उत्तर येते, हे शोधायला विज्ञानाला फार काळ लागला. अनुवंशिकतेबद्दल आपल्याला पडणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या शोधात वाटेवरच भेटतात, म्हणून ती गोष्ट फैजपूरच्या बांधावरून सांगण्यासारखी आहे.

केळी पिलांपासून वाढते, म्हणून आधी पील म्हणजे काय ते पाहू. केळीचे जे खोड आपण पाहतो, ते खरे खोड नव्हे. पानांची देठे एकमेकांवर गुंडाळून तो खांब होतो. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्याच्या डोळ्यांतून पिले फुटतात. अरुंद, तलवारीसारख्या पानांचे पील जोमदार, म्हणून शेतकरी लागवडीसाठी त्याचाच कंद निवडत आला. जूनची लागवड मृगबाग, पावसाळा सरल्यावरची कांदेबाग, आणि कापणीनंतर मागे ठेवलेल्या पिलावर घेतात ती पिलबाग. या पिलाला आपण आईचे लेकरू म्हणतो, पण जनुकांच्या हिशेबाने ते लेकरू नाही, आईच आहे. माणसाचे मूल निम्मा डीएनए आईकडून घेते, निम्मा बापाकडून. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा वारसा सारखा निघतो, चुलत भावंडांत आठवा हिस्सा. फक्त एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचा डीएनए सारखा असतो. केळीची अख्खी बाग अशी जुळी असते.

मग एका झाडाचा घड पंधरा किलोचा आणि चार ओळी पलीकडचा पंचवीस किलोचा का? गुण रक्तात असतात की संगोपनात, हा माणसांबद्दलचा जुना वाद इथे जमिनीवर उतरतो. सगळ्यांचा डीएनए एक आहे. म्हणजे घडातला फरक पाणी, पालाश, थंडी, वारा आणि निगा यांनी केला. माणसांत हे दोन धागे वेगळे काढणे फार अवघड जाते, म्हणून तर संशोधक जुळी भावंडे शोधत फिरतात. केळीवाला ते दर हंगामात आपल्या बागेत पाहतो.

आता एक केळे आडवे कापून पाहा. मधोमध बारीक काळपट ठिपके दिसतात. ती बियांची जागा. बीजांडे तिथे होती, पण कोणाचेही बी झाले नाही. केळफुलाला पराग न मिळताही फळ भरते, ही केळीच्या वाट्याला आलेली पहिली देणगी. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. रानकेळीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, प्रत्येकी ११, म्हणजे २२. आपल्या बागेतल्या केळीत तीन संच आहेत, एकूण ३३. पराग आणि बीजांड तयार होताना पेशी गुणसूत्रांच्या जोड्या लावते आणि जोडीतले एक-एक दोन बाजूंना वाटते. तिघांत जोडी लावली की एक उरतोच. हे अकरा ठिकाणी घडते, वाटणी फसते आणि कामाचे बीज तयार होत नाही. वांझपण या फसलेल्या वाटणीतून आले आणि, पहिल्या देणगीच्या जोडीने, बिनबियांचा गर. रानातल्या केळीत गर नावापुरता असतो आणि बाकी सगळ्या टणक काळ्या बिया. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणारी चवई केळीची दूरची नातलग. ती पिले देतच नाही. एकदाच फळते, बिया टाकते आणि मरते. आपल्या केळीने नेमकी उलट वाट धरली.

ती वाट आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या बाजूला सुरू झाली. पापुआ न्यू गिनीतल्या कूक नावाच्या दलदलीत सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या केळी-लागवडीच्या खुणा सापडल्या आहेत. तिथल्या लोकांनी कमी बियांची झाडे हेरली, त्यांची पिले उपटून घराजवळ लावली, होडीत घालून पुढच्या बेटावर नेली. वेगवेगळ्या बेटांवरच्या केळी अशा शेजारी आल्या, त्यांचे संकर झाले, आणि त्यांतून कधी तरी तीन संचांची झाडे निपजली. ती कोणी घडवली नाहीत. कोणी तरी ती ओळखली आणि जपली. या अनाम माळ्यांचे ऋण मला कुठल्याही प्रयोगशाळेच्या ऋणाहून लहान वाटत नाही.

युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना हे कोडे बराच काळ उलगडले नाही. लिनियसने १७५३ मध्ये केळीला मूसा पॅराडिसियाका असे नाव दिले आणि ती स्वतंत्र जात मानली. ती संकर आहे, तिचे मूळ दोन रानटी जातींत आहे, हे १९४० च्या दशकात त्रिनिदादमधल्या ई. ई. चीझमन यांनी मांडले. १९५५ मध्ये नॉर्मन सिमंड्स आणि केनेथ शेफर्ड यांनी पंधरा बाह्य लक्षणांना गुण देऊन कुळाचा हिशेब मांडण्याची रीत बसवली. मूसा अक्युमिनाटाचा संच तो ए, मूसा बाल्बिसियानाचा तो बी. त्या हिशेबाने वसईची राजेळी एएबी, सफेद वेलची एबी, आणि फैजपूरची केळी एएए. तिच्यात बाल्बिसियानाचा अंशही नाही. डीएनए वाचायची सोय नसताना खोडाचा रंग आणि पानाच्या देठाची खाच पाहून काढलेले हे निष्कर्ष पुढच्या तपासण्यांत बहुतांशी टिकले.

नेमके आईबाप मात्र डीएनएनेच दाखवले, आणि तिथे केळीने एक विलक्षण सोय करून ठेवली होती. पेशीच्या केंद्रकाबाहेरही थोडा डीएनए असतो. माणसात तो मायटोकॉन्ड्रियात असतो आणि केवळ आईकडून येतो; त्यावरूनच आपल्या मातृवंशाचा माग काढतात. वनस्पतींत हरितलवकांतही असा डीएनए असतो. केळीत हरितलवके आईकडून येतात आणि मायटोकॉन्ड्रिया बापाकडून, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे एकाच पानाच्या तुकड्यात मातृकुळाची वही वेगळी आणि पितृकुळाची वेगळी. फ्रेंच संशोधकांनी त्या दोन्ही वाचल्या, केंद्रकातल्या खुणांशी ताडून पाहिल्या, आणि जगभर निर्यात होणाऱ्या आणि फैजपूरच्याही बागांत असलेल्या कॅव्हेंडिश केळीचे जनक-वाण ओळखले. एका बाजूला 'म्लाली' नावाचा गट, ज्याची झाडे आता कोमोरोस, मादागास्कर, झांझिबार या भागात उरली आहेत. दुसऱ्या बाजूला थायलंडकडचा 'खाई'. म्लालीच्या एका बीजपेशीने निम्मे होण्याचे काम पुरे केले नाही आणि ती आपली २२ गुणसूत्रे तशीच घेऊन आली. खाईकडून ११ आली. ३३ चा आकडा असा जमला. पूर्वी जगभर विकली जाणारी ग्रो मिशेल ही केळीही म्लाली गटाचाच वारसा सांगते, म्हणजे कॅव्हेंडिशची ती सावत्र बहीण.

कॅव्हेंडिश हे नाव त्यामानाने कालचे. दक्षिण चीनमधून मॉरिशसला गेलेली काही रोपे १८२९ च्या सुमारास इंग्लंडला पोहोचली. त्यांतले एक डेव्हनशायरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ इथल्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने वाढवले. नोव्हेंबर १८३५ मध्ये ते निसवले, पुढच्या मे महिन्यात शंभरावर केळ्यांचा घड पिकला. ड्यूकचे घराणे कॅव्हेंडिश, म्हणून केळीलाही तेच आडनाव लागले. तिथून एका मिशनऱ्याने काही रोपे सामोआला नेली आणि ती प्रशांत महासागरातल्या बेटांवर पसरली. भारतात याच केळीच्या बुटक्या प्रकाराला खानदेशात बसराई म्हणतात, आसामात जहाजी, दक्षिणेत कुठे मॉरिशस.

खानदेशात बसराईने अनेक दशके राज्य केले. १९९० च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने इस्रायलमधून आलेल्या ग्रँड नैन वाणाची उतिसंवर्धित रोपे शेतकऱ्यांपर्यंत नेली, आणि सोबत ठिबक. अठरा महिन्यांची केळी वर्षभरावर आली, घड वजनदार झाले, बाग एकदम निसवू लागली. शेतकरी तिला जी-९ म्हणतात. मोठा वाणबदल झाला असे आपण मानतो, पण कुळाच्या नजरेने हे घरातल्या घरातच झाले. बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी, अर्धापुरी, ग्रँड नैन या साऱ्या कॅव्हेंडिशच. त्यांच्या उंचीतला आणि घडातला फरक नवा संकर होऊन आलेला नाही. पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल उतरते, त्यात क्वचित चूक होते. ती चूक वाढत्या डोळ्यात झाली, तर त्यातून फुटणारे अख्खे पील वेगळे निघते. शेतकऱ्याला ते आवडले की तो त्याचीच पिले वाढवतो आणि वाण जन्माला येतो.

प्रयोगशाळेतल्या बाटलीतही हेच घडू शकते. कंदाच्या टोकावरचा वाढणारा बारीक भाग पोषक द्रावात ठेवतात, संप्रेरकांनी त्याला फुटवे आणतात, ते वेगळे करून पुन्हा वाढवतात. जितके जास्त फेरे, तितकी नकलेत चुकीची शक्यता वाढते. म्हणून फेऱ्यांना मर्यादा घालतात. रोप घेताना प्रमाणपत्र बघावे ते यासाठी, आणि विषाणूसाठीही.

विषाणूवरून आठवले. यावल-रावेर पट्ट्यात 'हरण्या' रोग अधूनमधून मोठे नुकसान करतो. काकडीवर्गातून येणारा सीएमव्ही विषाणू मावा पसरवतो, पाने पिवळी-चिरकी होतात, झाड उपटावे लागते. आजारी झाडाचे पीलही आजारी निघते, म्हणून कोणी त्याला अनुवंशिक रोग म्हणतात. तसे ते नाही. पिलाला आईचा डीएनए मिळाला आणि त्याच रसासोबत विषाणूही आला. डीएनए जसाच्या तसा आहे. माणसांतही गर्भात लागलेला संसर्ग आणि जनुकातून आलेला आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक न कळल्यामुळे किती घरांत सुनांना बोल लागले असतील. संसर्ग थांबवता येतो: मावा आवरायचा, बागेत काकडी-भोपळ्याची आंतरपिके घ्यायची नाहीत, तपासलेली रोपे आणायची.

२०१२ मध्ये केळीच्या जीनोमचे वाचन प्रसिद्ध झाले. त्यात साडेछत्तीस हजारांवर जनुके निघाली, माणसापेक्षा जास्त. माणसाचा निम्मा डीएनए केळ्यासारखा आहे, हे खरे का, असे शाळकरी मुलेही विचारतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स ब्रॉडी यांच्या गटाने केलेली तुलना अशी: माणसाच्या सुमारे ६० टक्के जनुकांना केळीत ओळखू येणारी जोड सापडते, आणि त्या जोड्यांतून बनणारी प्रथिने सरासरी ४० टक्के सारखी असतात. तुलना जनुकांची होती, आणि प्रथिने घडवणारी जनुके म्हणजे आपल्या एकूण डीएनएचा जेमतेम दोन टक्के भाग. पेशीने साखरेतून ऊर्जा काढावी, डीएनएची नक्कल करावी, ही कामे दोघांनाही करावी लागतात, आणि त्यांची हत्यारे वनस्पती-प्राणी वेगळे होण्याआधीच्या पूर्वजाकडून दोघांनाही मिळाली.

आता काळजीची बाजू. ग्रो मिशेल बुडाली ती जमिनीतल्या फ्युजारियम बुरशीने, पनामा मररोगाने. एक झाड ज्या कारणाने मेले, त्याच कारणाने सगळीच मरत गेली, कारण सगळी एकच होती. १९६० च्या दशकापर्यंत निर्यातीचा बाजार कॅव्हेंडिशकडे वळला, कारण तिला ती बुरशी बाधत नव्हती. मग त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारू लागला. तो आशियात पसरला, २०१९ मध्ये कोलंबियात सापडला. भारतात बिहारच्या कटिहार भागात आणि उत्तर प्रदेशात अयोध्येच्या परिसरात त्याची नोंद झाली आहे. बुरशी मातीत अनेक दशके तग धरते, आणि माती चाकाला, कुदळीला, कंदाला चिकटून प्रवास करते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच जिल्ह्यातल्या तांदलवाडीची केळी २०२१ मध्ये दुबईला गेली; हे सारे एकाच कुळावर उभे आहे. बाहेरगावचा कंद स्वस्त मिळतो म्हणून आणू नये, हे मला अगदी कळवळून सांगावेसे वाटते.

उपायही वारशातूनच शोधले जात आहेत. तैवानच्या केळी संशोधन संस्थेने उतिसंवर्धनात नकलेच्या चुकीने वेगळी निघालेली हजारो रोपे रोगट जमिनीत लावली आणि त्यांतली टिकणारी निवडली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात जेम्स डेल यांच्या गटाने रानकेळीतले आरजीए-२ हे जनुक ग्रँड नैनमध्ये घातले. त्या क्यूकॅव्ह-४ वाणाला तिथे २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ते काम करताना एक गोष्ट लक्षात आली. हेच जनुक कॅव्हेंडिशमध्ये आधीपासून आहे, फक्त ते जवळजवळ निपचित पडलेले आहे. बाहेरचे काही न घालता तेच जागे करता येईल का, यावर डेल यांच्या गटाचे काम चालू आहे.