खोड नव्हे, दाढ

1953 सालचा ऑगस्ट. पुण्याच्या रेसकोर्सजवळचा तबेला, पहाटेची वेळ. मोतद्दाराने तुम्हाला नवा पोऱ्या समजून दोर हातात दिलाय. "ए पोरा, डोक्याशी उभा राहा. मागं जाऊ नको." दोराच्या टोकाला अडीच वर्षांची तांबूस घोडी. ती तुमचा खांदा हुंगते आणि कान मागे पाडते.

पावसाळ्यात मुंबईचे घोडे इथे येतात. घाटाआड पाऊस कमी खरा, पण ओल टापांत मुरतेच. नालबंद पाय उचलतो, तळाची खाच आकडीने खरडतो आणि आकडीचं टोक नाकाशी नेतो. कुजका वास नाही, म्हणजे खाच सडलेली नाही. टाप महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढते, म्हणून चार-पाच आठवड्यांनी जुना नाल काढून ती तासायची.

आता कान द्या. खिळा टापेच्या कडक भिंतीतून जातोय तोवर हातोडी टणटण वाजते. तिसऱ्या खिळ्याला आवाज बद्द होतो, घोडी पाय झटकते. नालबंद खिळा उपसून उजेडात धरतो. कोरडा आहे. रक्त लागलं असतं तर सराव बुडालाच! मग तोच खिळा जरा बाहेरच्या अंगाने.

ट्रेनरची तक्रार मात्र तोंडाची. उजवीकडे वळवली की घोडी मान झटकते, कडियाळं चावते. तबेल्याने तिला खोडकर ठरवून टाकलंय. मला विचाराल तर तरण्या घोड्यांच्या निम्म्या खोडी दाढेत असतात.

डॉक्टर परळच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलेले. गुंगीची सुई कुठली? झायलाझिन निघायला अजून नऊ वर्षं आहेत. वरच्या ओठाला दोरीचा पीळ बसतो, आणि बाजूने ओढलेली जीभ तुमच्या मुठीत येते: गरम, बुळबुळीत, विलक्षण ताकदीची. "सोडू नकोस रे, पण ओढूही नकोस."

घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजत नाही. तिला धार येते, गाल-जीभ सोलवटतात. लांब दांड्याची कानस आत जाते. करकर तुमच्याच कवटीत घुमते. मग डॉक्टरांचं बोट उजवीकडच्या पहिल्या वरच्या दाढेवर थांबतं. हलतेय. दुधाच्या दाढेची टोपी, खालून पक्की दाढ ढकलतेय, फटीत गवत कुजलंय. चिमट्याचा एक हिसका, आणि टोपी तुमच्या तळव्यावर. दुर्गंधी विचारू नका.

"उद्या गॅलपला काढू?" ट्रेनरच्या डोक्यात मुंबईचा सीझन.

"चार दिवस तोंडात लोखंड नको. नुसती हाताने फिरवा."

ट्रेनर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात. मोतद्दार भिजवलेल्या कोंड्याची बादली घोडीपुढे सरकवतो आणि पुढच्या घोड्याचा दोर तुमच्या हातात देतो. "हा लाथ मारतो. जपून."