जादूची किंमत कोण मोजतं?

मंडळी, जादू म्हटली की आपल्याला वाटतं, तिथे कसले आलेत नियम? कांडी फिरवली की काम झालं! पण इंग्रजीतल्या काल्पनिक दुनियांच्या कथा-कादंबऱ्या पाहिल्या तर उलटंच दिसतं. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तिथल्या अनेक लेखकांनी जादूला चांगली वेसण घातली आहे.

जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाचं 'द डाइंग अर्थ' १९५० साली आलं. त्यातल्या जादूगाराला मंत्र चक्क पाठ करावे लागतात. एका वेळी मोजकेच डोक्यात मावतात आणि एकदा वापरला की तो मंत्र विसरून जातो. पुन्हा घोका! १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला, त्यात हीच पद्धत उचलली गेली. १९६९ मध्ये लॅरी निव्हनने एका कथेत कल्पना मांडली की, जादू ज्या शक्तीवर चालते ती 'माना' वापरून संपते, अगदी विहिरीतल्या पाण्यासारखी. हा 'माना' शब्द मूळचा पॅसिफिक बेटांवरचा. कॉड्रिंग्टन या मिशनऱ्याच्या १८९१ मधल्या पुस्तकामुळे तो युरोपातल्या अभ्यासकांना ठाऊक झाला. आणि आज? आज तो मुलांच्या कॉम्प्युटर गेममध्ये आहे!

पुढे २००७ साली ब्रँडन सँडरसनने तर नियमच सांगितला. वाचकाला जादू जितकी नीट कळली असेल, तितकीच ती कथेतला पेच सोडवायला वापरावी. नाहीतर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. पटण्यासारखं आहे.

माझी नात अशीच एक दुनिया रचते आहे. तिच्या वहीत तक्ता आहे: अमुक मंत्राला इतकी शक्ती खर्च, तमुकला तितकी. मी तिला म्हटलं, "अगं, हिशेब चोख आहे. पण पैसे भरतो कोण?"

मला हा प्रश्न सुचला तो महाभारतामुळे. कर्णाने कवचकुंडलं देऊन इंद्राकडून शक्ती मिळवली. ती एकदाच वापरता येणार. अर्जुनासाठी जपून ठेवलेली ती शक्ती रात्रीच्या युद्धात खर्ची पडली आणि मेला घटोत्कच. अर्जुन वाचला, पण हिडिंबेचा मुलगा गेला. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येत होतं, मागे घेता येत नव्हतं. ते त्याने वळवलं कुठे, तर उत्तरेच्या गर्भावर! नियम आहेत, किंमत आहे; पण ती मोजली भलत्यानेच.

अर्सुला ले ग्विन यांना हे नेमकं कळलं होतं. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) मध्ये गेड नावाचा मुलगा निव्वळ ईर्षेपोटी मृतात्म्याला बोलावतो. त्यातून एक काळी सावली जगात शिरते. तिची वाट बंद करताना गुरुकुलाचा वृद्ध प्रमुख प्राण गमावतो. गेड जगतो, पण आपण काय केलं हे ओझं घेऊन जगतो. पुढची सगळी कादंबरी त्या ओझ्याची आहे.

मी वर्षानुवर्षं इतिहास शिकवला. राजांची नावं आणि लढायांच्या सनावळ्या मुलं पाठ करायची. पण लढाईसाठी कोणाच्या शेतातून घोडे गेले, हे पुस्तकात क्वचितच असायचं. सत्ता ही सुद्धा एक जादूच आहे. तिचा खर्च वापरणाऱ्याच्या खात्यावर सहसा पडत नाही.

म्हणून नव्या दुनिया रचणाऱ्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे. तक्ते जरूर करा, नियम काटेकोर ठेवा. पण प्रत्येक मंत्रापुढे आणखी एक रकाना आखा: याची झळ कोणाला लागेल? तो रकाना भरता भरता गोष्ट आपोआप सापडेल.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.