विकणे आहे : एका गाडीची किंमत आणि मुळशीची जमीन

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझा आतेभाऊ पौडच्या घरी आला आणि म्हणाला, "दादा, तू जन्मभर इतिहास शिकवलास. आता मला चार ओळींची जाहिरात लिहून दे. गाडी काढायचीय."

गाडी म्हणजे दोन माणसांची, टप उघडणारी पोर्शे बॉक्स्टर. हिंजवडीच्या बाजूची वडिलोपार्जित जमीन विकून आलेल्या पैशांतून त्याने ती जुनीच घेतली होती. वर्षातून तीन-चार वेळा ती ताम्हिणीच्या रस्त्यावर धावली. बाकीचा काळ कडब्याच्या गंजीशेजारी ताडपत्रीखाली गेला. "किती मागू?" या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधताना जे हाती लागले, ते इथे मांडतो.

टंचाईची किंमत

नव्या किमतीतून झीज वजा केली की जुन्या गाडीची किंमत निघते, असे आपण मानतो. आपल्याकडे हे गणित कित्येक वर्षे लागूच नव्हते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर, जो इथे सुटे भाग बनवील त्यानेच इथे गाड्या कराव्यात, असे सरकारी धोरण ठरले आणि १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनी गाशा गुंडाळला. उरल्या त्या मोजक्या देशी कंपन्या. त्यांतली एक वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेली कुर्ल्याची प्रीमियर.

गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहायची, असा तो काळ. त्यामुळे आज हातात मिळणारी जुनी फियाट पुढे कधीतरी मिळणाऱ्या नव्या फियाटपेक्षा महाग पडू शके. परदेशी गाडी हवी असेल, तर दूतावासांतल्या अधिकाऱ्यांनी वापरून सोडलेल्या गाड्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात, त्यांवर बोली लावावी लागे. म्हणजे किंमत ठरत होती ती यंत्रापेक्षा परवान्यावर आणि टंचाईवर. आमच्या पिढीच्या मनात 'फॉरेनची गाडी कधी स्वस्त होत नाही' हे जे बसले, त्याचे मूळ इथे आहे. माझा भाऊही तेच धरून बसला होता.

मालकाच्या नावाची किंमत

दुसरा भाग मालकाचा. इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्गची चासी घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून बॉडी चढवून घेतली. पुढे ती गाडी परदेशी संग्राहकांकडे गेली, तरी आजही तिची ओळख 'महाराजांची ड्यूसेनबर्ग' अशीच आहे.

आपल्या डोळ्यांदेखतचे उदाहरण सचिन तेंडुलकर यांच्या फेरारीचे. २००२ मध्ये त्यांनी पोर्ट ऑफ स्पेनला २९ वे कसोटी शतक करून ब्रॅडमन यांची बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीकडून फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती देण्यात आली. गाडी फुकट होती, पण तिच्यावरचे आयातशुल्क होते सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. सरकारने ते माफ केले, त्यावर ओरड झाली, दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि शेवटी शुल्क फियाटने भरले. २०११ मध्ये ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. ३६० मोडेना जगात हजारोंनी बनल्या. ही एक लोकांच्या लक्षात राहिली, ती पहिल्या मालकामुळे.

आपल्या छोट्या जाहिरातींतही हेच चालते. 'डॉक्टरांनी वापरलेली', 'एकाच हातातली' हे शब्द गाडीपेक्षा माणसाबद्दल जास्त सांगतात. माझ्या भावाजवळ असे सांगण्यासारखे नाव नव्हते.

कागदाची किंमत

तिसरा भाग कागदांचा, आणि इथेच आमचे घोडे अडले. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरची संख्येची बंधने उठली. पण जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची हवी आणि मुंबई बंदरातूनच यायला हवी, अशा अटी आल्या. २०१३ च्या अर्थसंकल्पात महागड्या नव्या गाड्यांवरचे शुल्क ७५ वरून १०० टक्के आणि जुन्यांवरचे १०० वरून १२५ टक्के झाले. त्यावर राज्याचा कर वेगळा. तो चुकवण्यासाठी कमी कराच्या राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशात पासिंग करण्याची वाट अनेकांनी धरली.

भावाच्या गाडीला पुद्दुचेरीचे पासिंग होते. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. तो त्याने घेतला नव्हता, महाराष्ट्राचा कर भरलेला नव्हता. "हे जाहिरातीत नको," तो म्हणाला. मी त्याला सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल वाचून दाखवला : गाडी विकली तरी नोंदणीत नाव राहिले, तर अपघाताची भरपाई त्या नावावरच येते. कागद लपवून केलेला सौदा घेणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही गोत्यात आणतो.

मुळशीची किंमत

आमच्या तालुक्याला किमतीचा प्रश्न नवा नाही. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी. पुण्यात बसलेल्या सावकार-जमीनदारांना रोख मोबदला चालणार होता. कसणाऱ्या मावळ्यांना तो नको होता, कारण जमिनीची किंमत रुपयांत होते हेच त्यांना मान्य नव्हते. धरण झाले, गावे बुडाली.

उलटे उदाहरणही इथलेच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अ‍ॅम्बी व्हॅलीचा लिलाव पुकारला गेला. राखीव किंमत होती ३७,३९२ कोटी रुपये. लिलाव पार पडला नाही. नुसता आकडा सांगितला म्हणून किंमत होत नाही, घेणारा पुढे यावा लागतो.

मधल्या काळात हिंजवडीला माहिती-तंत्रज्ञानाचे पार्क आले आणि एकरांत मोजली जाणारी जमीन गुंठ्यांत, म्हणजे १,०८९ चौरस फुटांत, विकली जाऊ लागली. 'गुंठामंत्री' हा शब्द त्यातूनच आला. बाहेरच्यांना तो हसण्यासारखा वाटतो. आम्हाला त्यात आपल्याच घरचे चेहरे दिसतात.

भावाने मनात धरलेला आकडा कुठून आला, हे मला इथे उमगले. गाडीच्या किमतीत तो विकलेल्या जमिनीची आजची किंमत मिळवत होता.

मग आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. त्याच वर्षाच्या गाड्यांच्या जाहिरातींतले आकडे घेतले. ते मागणीचे असतात, सौद्याचे नव्हेत, म्हणून थोडे खाली उतरवले. त्यातून महाराष्ट्राचा कर, चार टायर आणि थकलेली सर्व्हिस वजा केली. जाहिरात अशी झाली :

'विकणे आहे. पोर्शे बॉक्स्टर, तिसरा हात. पासिंग पुद्दुचेरी, महाराष्ट्राचा कर भरलेला नाही, तो किमतीतून वजा केला आहे. सर्व्हिसचे कागद अर्धेच आहेत. टायर बदलावे लागतील. आपला मेकॅनिक घेऊन दिवसाउजेडी यावे.'

त्याने ती दोनदा वाचली. "जमिनीचं काहीच नाही यात," तो म्हणाला.

"घेणाऱ्याला त्याचं काय, रे?"

दसऱ्याच्या आधी गाडी गेली. लिहिलेल्या आकड्याहून थोडी खालीच. नाव बदलल्याचा कागद येईपर्यंत भावाला झोप नव्हती. तो आला, तेव्हा त्याने ताडपत्रीची घडी घातली आणि कडब्यावर टाकली.