गुप्तधनाची दंतकथा आणि मेटल डिटेक्टर : शोध कसा घ्यावा, कायदा काय सांगतो?

रावेर तालुक्याच्या सीमेपलीकडे, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगड परिसरात मार्च २०२५ मध्ये शेताशेतांत रात्री टॉर्चचे उजेड दिसू लागले. ‘छावा’ चित्रपट नुकताच लागला होता. त्यातच महामार्गाच्या कामातून शेतात टाकलेल्या मातीत मुघलकालीन सोन्याची नाणी निघतात, अशी बातमी पसरली. लोक कुदळी, चाळण्या, काही जण तर मेटल डिटेक्टर घेऊन आले. शेतात खड्डेच खड्डे झाले आणि प्रशासनाला लक्ष घालावे लागले.

या अफवेला इतिहासाचा आधार होता. बुऱ्हाणपूर हे मुघलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे, तिथे टांकसाळही होती. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने ते लुटले. पण या भागात जुनी नाणी असू शकतात ही एक गोष्ट आणि अमक्याच्या शेतात हंडा पुरलाय ही दुसरी.

दंतकथा तपासायची कशी?

सात रांजण, वर राखणदार नाग, पायाळू माणसालाच दिसणारे धन, ही कथा गावोगावी तशीच सांगतात. म्हणजे हा भाग फिरता आहे. तपासण्यासारखा असतो तो गावापुरता तपशील : कोणाची गढी, कुठला जुना बाजार, कुठली वाट, कोणती स्वारी.

- जाणत्या माणसांना विचारताना त्यांनी ते कोणाकडून ऐकले हेही लिहून घ्यावे.
- जुन्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये गाव पाहावे. खानदेशाचे गॅझेटिअर १८८० चे आहे.
- भूमी अभिलेख कार्यालयातील जुन्या नकाशांवर गावठाण, गढी, वाटा जुळवून पाहाव्यात.
- पेशवाईतील कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. बहुतेक मोडीत असल्याने जाणकार सोबत हवा.

यंत्राला काय कळते?

मेटल डिटेक्टरची कॉईल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. खाली धातू असेल तर त्यातून उलट संकेत येतो. छंदासाठीच्या साध्या यंत्राला एखादे नाणे साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. सोने आणि अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा यांचा आवाजही सारखा येऊ शकतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या मातीत लोहखनिजाचे कण असल्याने यंत्र उगाच वाजते. बाकी निघतात ते खिळे, नाल आणि तारेचे तुकडे.

कायदा काय म्हणतो?

यंत्र बाजारात मिळते म्हणून कुठेही खणायची मुभा मिळत नाही. संरक्षित किल्ला, लेणी, मंदिराच्या हद्दीत विनापरवाना खोदकाम गुन्हा आहे. खासगी शेतात मालकाची परवानगी हवीच.

१८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय, किती, कुठे, कधी सापडले हे त्यात लिहायचे. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा हजर करण्याची हमी द्यायची. चौकशीत धन बेवारस ठरले आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जागामालकाला. सरकारला ते घ्यायचे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवले तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती पुरावस्तू ठरतात. त्यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

खरा धोका कुठे?

१९७० च्या दशकातील मानवत (जि. परभणी) हत्याकांडात गुप्तधन आणि मूल व्हावे यासाठी बळी दिल्याचा आरोप होता. त्यात लहान मुलींचे जीव गेले. गुप्तधनासाठीचे अमानुष प्रकार आता २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली येतात. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. मांडूळ, कासव ‘धन दाखवतात’ म्हणून पकडणे हा वन्यजीव कायद्याखालील गुन्हा. ‘खोदकामात सापडलेलं सोनं स्वस्तात देतो’ म्हणत पितळी नाणी गळ्यात मारणाऱ्या टोळ्या वेगळ्याच.

उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातील डौंडिया खेडा इथे हजार टन सोने असल्याचे एका साधूला स्वप्न पडले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये पुरातत्त्व खात्याने खणून पाहिले. सोने निघाले नाही. निघाल्या जुन्या भिंती, खापरे, बांगड्यांचे तुकडे. अभ्यासकाला त्यातूनही तिथली जुनी वस्ती कळते. कारण वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती यावर तिचा काळ ठरतो. रात्री कुदळीने उकरलेल्या खड्ड्यात तो पुरावाच संपतो.

नांगरताना, पाया खणताना काही निघाले तर

- काम तिथेच थांबवा, आणखी उकरू नका.
- वस्तू घासू, धुऊ किंवा वितळवू नका. सोनाराकडे नेऊ नका.
- जागेसह फोटो काढा, गट क्रमांक आणि तारीख लिहा.
- तलाठी किंवा तहसीलदारांना सांगा, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढे वाट्याचा प्रश्न आला तर हीच पोच कामी येते.