मूत्रपिंड, मेंदू आणि यंत्र

मूत्रपिंडें निकामी झालेल्या मनुष्यास डायालिसिसच्या यंत्रानें रक्त शुद्ध करून वर्षानुवर्षें जगवितां येतें, हें आतां घरोघर ठाऊक झालें आहे. परंतु अशा रोग्यास अर्धांगवायूचें भय इतरांहून कित्येक पट अधिक असतें, हें घरच्या माणसांस बहुधा घाला पडल्यावरच कळतें. वास्तविक या संबंधाचा माग यंत्राहून शंभर वर्षें जुना आहे.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयांत डॉ. रिचर्ड ब्राइट चमच्यांत मूत्र घेऊन मेणबत्तीवर तापवीत. तें गोठलें कीं मूत्रपिंड बिघडल्याचें ते ताडीत. १८२७ सालीं त्यांनीं हे निष्कर्ष छापले. पुढें शवें तपासतां त्यांस आणखी एक गोष्ट आढळली: मूत्रपिंड आकसलेलें, आणि हृदयाचा डावा कप्पा मात्र जाड झालेला. दूषित रक्त सूक्ष्म वाहिन्यांतून रेटण्यास हृदयाला अधिक जोर करावा लागत असावा, असा तर्क त्यांनीं १८३६ सालीं मांडला. रक्तदाब मोजण्याचें साधन हातीं नसतां केलेला हा तर्क आम्हांस त्यांच्या सर्व शोधांत श्रेष्ठ वाटतो.

पुढचें पाऊल त्याच रुग्णालयांत फ्रेडरिक अकबर महंमद यांनीं टाकलें. पाटण्याहून विलायतेस जाऊन ब्रायटन येथें स्नानगृह चालविणाऱ्या दीन महंमदांचे हे नातू. नाडीचें आलेखन करणारें यंत्र सुधारून त्यांनीं दाखविलें कीं, मूत्रांत दोष दिसण्यापूर्वींच धमन्यांतील ताण वाढलेला असूं शकतो. १८८४ सालीं, अवघ्या पस्तिशींत, ते विषमज्वरानें वारले. आमच्याकडे त्यांचें नांव फारसें कोणी घेत नाहीं, हें नवलच!

१९४३ सालीं हॉलंडमधील कांपेन गांवीं, जर्मनांच्या अंमलाखालीं, विलेम कोल्फ यांनीं लांकडी पिंपाभोंवतीं सेलोफेनची नळी गुंडाळून रक्तशुद्धीचें यंत्र उभें केलें. रक्त गोठूं नये म्हणून त्यांत हेपॅरिन घालावें लागे. आजही बहुधा तेंच घालतात. १९६० सालीं सिॲटल येथें बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं रोग्याच्या हातांत टेफ्लॉनची नळी कायमची बसविली आणि रोगी वर्षानुवर्षें जगूं लागले. तेव्हां जुना शत्रु पुन्हां पुढें आला. या रोग्यांच्या धमन्या अकालीं कठीण होतात, हें १९७४ सालीं खुद्द स्क्रिब्नर व त्यांचे सहकारी यांनींच जाहीर केलें.

पेंच मोठा विलक्षण आहे. चार तासांत दोन-तीन लिटर पाणी ओढलें कीं दाब एकाएकीं उतरून मेंदूस रक्त अपुरें पडूं शकतें; तें पाणी सांचूं दिलें, तर दाब चढून वाहिनी फुटण्याचें भय. गुठळीसाठीं रक्त पातळ करावें, तर रक्तस्राव ओढवतो. हृदयाची लय बिघडलेल्या या रोग्यांस असें औषध द्यावें कीं नाहीं, यावर तज्ज्ञांचें अद्याप एकमत नाहीं. उपचार सुरू होण्याच्या आगेंमागेंचा काळ सर्वांत धोक्याचा. तोंड वांकडें झालें, वाचा अडखळली, हात लुळा पडला, तर तो यंत्राचा शीण समजून रोग्यास घरीं निजवून ठेवणें घातक होय.

फ्रान्समधील तासाँ येथें बर्नार शारा व त्यांचे सहकारी यांनीं निराळी वाट धरली: आठवड्यांतून तीनदां आठ-आठ तास सावकाश शुद्धि, आणि अळणी जेवण. त्यांच्या १९९२ सालच्या वृत्तांतांत बहुतेक रोग्यांचा दाब औषधावांचून ताब्यांत राहिलेला दिसतो. आमच्याकडे एका रोग्यास आठ तास यंत्र देणें परवडेल अशीं केंद्रें थोडीं, आणि लोणचें-पापड सोडणारे रोगी त्याहूनही थोडे.